जेनिसचा नेम

जेनिसने कुणाला माफ केल्याचं मला एकदाही आठवत नाही.

आपण रागावतो, चार दिवस तोंड फिरवतो आणि मग कामाच्या गडबडीत विसरून जातो. जेनिस विसरत नसे. सिडनीतल्या पेंडल हिल स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने तिच्या ममीला एकदा कुबट सुके बोंबील विकले होते. त्यानंतर ती त्या दुकानात पाऊल टाकत नसे एवढंच नाही, त्या बाजूच्या फुटपाथवरूनही चालत नसे. शाळेत तिसरीच्या टीचरने हजेरी घेताना तिचं 'रुमाव' हे आडनाव 'रूम-म्याव' असं वाचलं होतं आणि वर्गभर मांजरं ओरडली होती. ती टीचर बिचारी केव्हाच रिटायर होऊन कुठल्याशा बीचजवळ राहायला गेली असेल. जेनिससाठी ती अजून फळ्यासमोर उभी होती.

इथे ऑस्ट्रेलियात कुणी पायावर पाय दिला, अंगावर कॉफी सांडली, अगदी नोकरीवरून काढलं, तरी लोक 'नो वरीज' म्हणून मोकळे होतात. जेनिस टूनगॅबीत वाढलेली, इंग्रजी बोलली तर इथलीच वाटणारी. पण तिच्या तोंडून ते दोन शब्द मी कधी ऐकले नाहीत. एकदा विचारलं, तर म्हणाली, "कारण वरीज आहेत, वैशूताई. मग नो कशाला म्हणू?"

आम्ही पुण्याहून टूनगॅबीला राहायला आलो तेव्हा शेजारच्या घरात तिचे आईवडील होते. जोसेफकाका आणि फिलोमिनाताई, मूळचे वसईचे. काका रेल्वे सिग्नलचे इंजिनीअर आणि फिलोमिनाताई मोठ्या हॉस्पिटलात नर्स. माझ्याशी दोघं मराठीत बोलत, पण घरात वाद पेटला की कादोडीवर, त्यांच्या वसईच्या बोलीवर जात. कुंपणापलीकडून मला शब्द अर्धेच कळत, राग मात्र पूर्ण कळे. जेनिस त्यांची एकुलती एक. ती तेव्हा अमेरिकेतल्या एका कॉलेजात शिकत होती आणि बास्केटबॉल खेळत होती. काका कुंपणावरून फोन पुढे करून तिचे व्हिडिओ दाखवत.

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. काकांनीच समजावलं. रिंगसमोर एक मोठी कमानीसारखी रेषा असते. तिच्याबाहेरून टाकलेला बॉल आत गेला की दोनाऐवजी तीन गुण. जेनिस त्या रेषेबाहेर उभी राहायची, कुणीतरी तिच्याकडे बॉल फेकायचं, आणि समोरची पोरगी हात वर करेपर्यंत तो हवेत असायचा. बहुतेक वेळा रिंगच्या कडेलाही न लागता सरळ जाळीतून खाली. उंची माझ्यापेक्षा जेमतेम चार बोटं जास्त, पळण्यात बेताची, पण कॉलेजच्या टीममधली सगळ्यात भरवशाची नेमबाज तीच.

चर्चमधली मंडळी काकांना विचारत, "लांबून नेम मारता येतो, ते ठीक आहे. पण प्रोफेशनल टीममध्ये नुसत्या तेवढ्यावर चालेल का?"

काका हसून म्हणत, "बघू या." आणि घरी आल्यावर तो प्रश्न कुणी विचारला, ते अमेरिकेला फोन करून जेनिसला सांगत. त्यांना वाटे, पोरगी हसेल. पोरगी नावं लक्षात ठेवत होती.

करोना आला तेव्हा तिचं शेवटचं वर्ष होतं. शेवटची मोठी स्पर्धा सुरू होण्याआधीच रद्द झाली आणि ती मिळेल त्या विमानाने परत आली. हॉटेलातलं क्वारंटाइन संपवून ती घरी पोचली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसले, तर बाहेर धप, धप, धप. काकांनी ड्राइव्हवेच्या टोकाला खांब रोवून रिंग बसवली होती. जेनिस तिथे उभी होती. बॉल टाकला की तिचा उजवा हात तसाच वर राही, मनगट वाकलेलं, बोटं खाली, जणू उंच फळीवरच्या बरणीत हात घातलाय. किल्ली भिरकावली, लिंबू सिंकमध्ये टाकलं, तरी हात तसाच राही.

आणि प्रत्येक वेळी ओठ हलत. मला वाटलं, प्रार्थना म्हणते. एकदा जवळून गेले तेव्हा ऐकू आलं. ती नावं घेत होती. प्रत्येक बॉलमागे एक नाव. त्यात बोंबीलवाला होता, तिसरीची टीचर होती, चर्चमधली काकांना प्रश्न विचारणारी मंडळी तर जोडीने होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. डोक्यात कुणी असलं ना, की नेम हलत नाही," ती म्हणाली.

त्या दिवसांत सगळेच घरी होते आणि सगळ्यांचीच डोकी तापलेली. मागच्या घरातला ट्रेव्हर नावाचा म्हातारा एक दिवस कुंपणाशी आला आणि हा धपधप आवाज बंद झाला नाही तर काउन्सिलकडे तक्रार करीन, म्हणाला. दुसऱ्या दिवशी जेनिसने घरातली जुनी गादी ओढत आणली आणि रिंगखाली टाकली. बॉल आपटायचा नाही, पळायचं नाही. जोसेफकाका एका बाजूला उभे राहून बॉल फेकायचे, ती झेलून तिथूनच टाकायची, बॉल जाळीतून गादीवर पडायचा. काहीही आवाज नाही. फक्त ती ट्रेव्हरच्या किचनच्या खिडकीकडे तोंड करून उभी असायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. खिडकीत तो चहा करताना दिसला की ती त्याच्याकडे बघत बॉल टाकायची. रिंगकडे बघायचीही नाही, आणि बॉल आत.

शेवटी ट्रेव्हर बाहेर आला. "हे काय चाललंय?"

"काय झालं, मेट? आवाज येतोय का?" जेनिसने अगदी गोड आवाजात विचारलं.

त्याने खिडकीला पडदा लावला. ती तरीही आठवडाभर तिथेच तोंड करून उभी राहिली. मात्र काका मला म्हणाले ते खरं होतं. त्या गादीपायी तिचा हात दुप्पट वेगवान झाला होता.

मग ब्रेट आला. या गोष्टीतला खरा माणूस तोच.

ब्रेट हा सिडनीतल्या एका प्रोफेशनल महिला टीमचा कोच. जेनिस शाळेत असताना त्यानेच तिला राज्याच्या संघातून वगळलं होतं. नेम चांगला आहे, पण बाकी काही नाही, असं म्हणून. तेव्हा चिडून तिने अमेरिकेत अर्ज केले होते. आता सीमा बंद झाल्या होत्या, परदेशी खेळाडू येऊ शकत नव्हत्या, आणि टीममध्ये जागा होत्या. ब्रेटने स्वतः फोन केला. प्री-सीझनमध्ये टीमबरोबर सराव कर, पहिल्या मॅचच्या आधी कॉन्ट्रॅक्टवर सही करू, म्हणाला.

फिलोमिनाताई तेव्हा कोव्हिड वॉर्डात होत्या. टीमचा नियम असा, की घरात कुणाला लागण झाली तर खेळाडू सरावाला येऊ शकत नाही. फिलोमिनाताईंनी कुणालाही न विचारता गॅरेजमध्ये फोल्डिंगची खाट टाकली. ऐन थंडीचे महिने, सिमेंटची जमीन, एक छोटा हीटर. ड्यूटीवरून आल्या की बाजूच्या दाराने थेट गॅरेजमध्ये. काका वॉशिंग मशीनवर ताट ठेवून मागे सरकत, मग त्या ते घेत. मी कुंपणावरून विचारायचे, "थंडी वाजत नाही का हो?" त्या म्हणायच्या, "वाजते गं. पण तिची सही झाली ना, की जाईन घरात."

जेनिस रोज सरावाला जायची. तिथे तिला काय काम होतं, ते नंतर कळलं. पुढच्या मॅचमध्ये समोरच्या टीमची जी कोणी नेमबाज असेल, तिची नक्कल करायची, म्हणजे ब्रेटच्या खेळाडूंना तिला अडवायचा सराव मिळेल. जेनिसने सगळ्यांच्या नकला केल्या. पहिल्या मॅचच्या आदल्या आठवड्यात ब्रेटने सगळ्या पोरींना गोल करून बसवलं आणि टीममधल्या शेवटच्या जागेसाठी मॅडी नावाच्या मुलीचं नाव जाहीर केलं. मग जेनिसकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉलेजला शूटर लागतात. मला बास्केटबॉल खेळणाऱ्या लागतात. नेमात तू एक नंबर आहेस. पण डिफेन्समध्ये तू म्हणजे उघडं गेट आहेस. कुणीही यावं आणि आत जावं." एक-दोघी हसल्या.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ती घरात गेली नाही. गॅरेजचं शटर वर केलं. फिलोमिनाताई खाटेवर बसल्या होत्या, त्या दचकून म्हणाल्या, "अगं, लांब राहा, लांब राहा."

जेनिस म्हणाली, "ऊठ ममी. आत चल. आता गरज नाही." आणि तिने खाट घडी करून भिंतीला लावली. हीटरचं बटण बंद केलं. वायर गुंडाळली. फिलोमिनाताई हातात उशी घेऊन तशाच उभ्या होत्या.

मला वाटतं, बाकी सगळं तिने एखादे वेळी सोडूनही दिलं असतं. ती खाट नाही सोडली.

त्यानंतर बाकीची सगळी नावं गेली. ओठ एकच नाव घेत होते. ती सुपरमार्केटमध्ये सकाळची शिफ्ट करायची, वीकेंडला छोट्या लीगमध्ये खेळायची, आणि उरलेला वेळ ड्राइव्हवेवर. पण एक दिवस ती कुंपणाशी आली आणि नुसतीच उभी राहिली.

"वैशूताई, सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, सांगू? तो खोटं नाही बोलला. आय ॲम अ गेट. मला नाही कुणाला अडवता येत."

मग ती म्हणाली, "तू कॉलेजात खो-खो खेळायचीस ना?"

मी खेळायचे, पण त्याला काळ लोटला होता. मधल्या काळात बाळंतपण झालं होतं आणि वर्क फ्रॉम होममुळे मी चांगलीच सुटले होते. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या भागात कडक लॉकडाउन लागला, तेव्हा व्यायामासाठी एका माणसाबरोबर बाहेर पडायची परवानगी होती. आम्ही पार्कमध्ये जायचो. मी हुलकावण्या देत पलीकडच्या झाडापर्यंत पोचायचं, तिने हात न लावता माझी वाट अडवायची. पहिल्या दिवशी मी, घरच्या स्लिपऑन चपला घालून, धापा टाकत, तिला दर वेळी चुकवलं. एकदाही अडवता आलं नाही तिला. ती गवतावर बसली आणि हातांनी गवत उपटायला लागली.

"माझ्या डोळ्यांकडे का बघतेस?" मी म्हटलं. "डोळे फसवतात. खांदे फसवतात. कंबर फसवू शकत नाही. कंबरेकडे बघ."

"हे अमेरिकेत का नाही कुणी सांगितलं?"

"सांगितलं असेल. तू ऐकलं नसशील. तुझं लक्ष रिंगकडे."

यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की माझंही नाव यादीत गेलं की काय असं मला वाटलं. पण ती उठली. "परत," म्हणाली. एकदा पोलिसांची गाडी हळू झाली, खिडकीतून एक तरुण पोलीस ओरडला, "लेडीज, सगळं ठीक ना?" मी झाडाकडे पळत होते, जेनिस आडवी पाय सरकवत माझ्यासमोर. "एक्सरसाइज," आम्ही दोघी एकदमच ओरडलो. लॉकडाउन उठेपर्यंत मला ते झाड दिसणं बंद झालं. माझं वजनही उतरलं, हे जाता जाता सांगते.

पुढच्या जानेवारीत ओमायक्रॉनने टीमच्या टीम आडव्या केल्या. उत्तरेकडच्या एका गावाच्या टीममध्ये निम्म्या पोरी आजारी पडल्या. त्यांच्या कोच बाईंनी जेनिसला फोन केला. बाई सरळ म्हणाल्या, "मी तुला पाहिलेलं नाही. मला उद्या उभं राहू शकणारं माणूस हवंय. येशील?" जेनिसने विमानात बसल्यावर घरी कळवलं. आणि मॅच कुणाशी, तर ब्रेटच्या टीमशी.

रविवारी दुपारी आम्ही रुमावांच्या हॉलमध्ये टीव्हीवर ती मॅच बघत होतो. काका उभेच होते. फिलोमिनाताई सोफ्याच्या टोकावर, हातात जपमाळ, पण मणी काही पुढे सरकत नव्हते. जेनिस मैदानात आली आणि बाजूला मास्क लावून उभ्या असलेल्या ब्रेटने लगेच बोट दाखवलं. मॅडीला बॉल द्या, जेनिसच्या अंगावर जाऊ द्या. ती गेली, आणि जेनिसला चुकवून आत शिरली. पुन्हा तेच. कॉमेंट्री करणारा म्हणाला, कोच ब्रेटने कच्चा दुवा बरोबर हेरलाय. जेनिसला बाहेर बसवलं गेलं.

"झालं," काका म्हणाले आणि बाहेर अंगणात निघून गेले.

दुसऱ्या हाफमध्ये ती परत आली. पहिला बॉल हातात आला तो तिने पकडला की नाही हेही दिसलं नाही, सरळ जाळीत. ओठ हललेले मला टीव्हीवरही दिसले. मग दुसरा, कोपऱ्यातून. मग एक असा लांबून, की कॉमेंटेटरने 'नो, नो' म्हणायला सुरुवात केली आणि 'यस' म्हणून संपवलं. फिलोमिनाताई ओरडल्या, "जोसेफ, आत या!" काका चप्पल हातात घेऊन धावत आले.

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा फरक नावापुरता उरला होता. ब्रेटने पुन्हा बोट दाखवलं. मॅडी आली. खांद्याची हूल दिली, डोळ्यांची दिली. जेनिसची नजर तिच्या कंबरेवरून हलली नाही. पाय सरकले, मॅडी डावीकडे वळली तर जेनिस तिथे, उजवीकडे वळली तर तिथेही. वेळ संपत आली म्हणून मॅडी तशीच घुसली आणि जेनिसच्या छातीवर आदळली. दोघी खाली. फाउल मॅडीचा. जेनिस लाकडी जमिनीवर उताणी पडली होती आणि हसत होती. तिला असं दात दाखवून हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. पुढच्या बॉलवर तिने रेषेबाहेरून तीन गुण टाकले आणि मॅच त्यांची झाली.

मॅच संपल्यावर सगळे एकमेकांच्या कोपराला कोपर लावत होते. ब्रेट तिच्यापुढे आला. कॅमेरा जवळ होता, त्याचं बोलणं ऐकू आलं. "वेल डन, जॅन. मला नेहमीच माहीत होतं, तू करशील."

मला वाटलं, आता ही काहीतरी सुनावणार. जेनिसने शांतपणे कोपर लावलं, हसली आणि म्हणाली, "थँक्स, कोच." ती इतकी गोड हसली तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सीझन संपल्यावर ब्रेटने नव्या कॉन्ट्रॅक्टसाठी फोन केला. जेनिसने त्याला घरी जेवायला बोलावलं. आईवडिलांना भेटा, त्यांच्यासमोर बोलू. काका हरखून गेले. घरापासून दहा मिनिटांवर ट्रेनिंग सेंटर, पोरगी डोळ्यांसमोर राहणार. त्यांची बायपास नुकतीच झाली होती. फिलोमिनाताईंनी पोर्क विंदालू केलं, सोबत मैद्याचे गोल, भज्यांसारखे वसईचे फुगे तळले. मलाही बोलावणं होतं.

ब्रेट चांगला शर्ट घालून, वाइनची बाटली घेऊन आला. माणूस वाईट नव्हता. फुगे किती हलके आहेत ते दोनदा म्हणाला, काकांच्या रेल्वेच्या गोष्टी मन लावून ऐकल्या. मग कॉन्ट्रॅक्टचा विषय काढला. मोठी जागा आहे, सुरुवातीपासून खेळायला मिळेल, वगैरे. जेनिस सगळं ऐकत त्याला वाढत होती.

मग तिने भांडं खाली ठेवलं. "कोच, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही मला जे सांगितलं होतं ना, ते पप्पांना सांगाल? मला नीट सांगता येत नाही."

ब्रेट हसला. "अरे, ते... खूप जुनं झालं."

"नाही, प्लीज. माझी ममी तेव्हा गॅरेजमध्ये झोपत होती, मी सरावाला यावं म्हणून. पूर्ण हिवाळा. तिला तरी कळू दे, कशासाठी."

ब्रेटने नॅपकिनने तोंड पुसलं. फिलोमिनाताईंकडे बघून, हळू आवाजात त्याने ते सांगितलं. कॉलेजला शूटर लागतात. उघडं गेट. कुणीही यावं. सांगताना त्याचा चेहरा मानेपर्यंत लाल झाला. शेवटी म्हणाला, "आय ॲम सॉरी. मला गॅरेजचं माहीत नव्हतं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे," जेनिस म्हणाली. "फुगे घ्या ना अजून. आणि कोच, मी त्या उत्तरेच्या टीमशीच सही केलीय. काल. त्यांना गरज होती तेव्हा त्यांनी गरज आहे असं सांगितलं होतं."

ब्रेट थोडा वेळ बसला, ताटातलं संपवलं, आणि आभार मानून निघाला. फिलोमिनाताईंनी त्याला विंदालूचा डबा भरून दिला. दारापर्यंत सोडून त्या किचनमध्ये परत आल्या, तेव्हा मी भांडी उचलत होते. सिंककडे तोंड करून त्या हसत होत्या, खांदे हलत होते. मग तोंड धुतलं आणि गंभीर होऊन बाहेर गेल्या.

कारण बाहेर काका पेटले होते. यावेळी कादोडी नव्हती, मलाही समजावं म्हणून असेल, मराठीच होती.

"माणसाला घरी जेवायला बोलावलंस. माझ्या टेबलावर बसवलंस. आणि तोंडात घास असताना त्याची अब्रू काढलीस?"

"त्याने माझी काढली होती, पप्पा. सगळ्यांसमोर."

"त्याच्या जागेवर काढली. आपल्या घरात नाही. जेवायला बसलेल्या माणसाला कुणी असं करतं? आणि सही कालच केलीस, तर मला आज कळतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला येऊ दिलं नसतं."

"नसतंच दिलं!" काका उठले आणि खोलीत गेले. दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त वाईट वाटलं.

त्या दिवसापासून त्यांनी जेनिसशी बोलणं सोडलं. जेनिसनेही. आपलं चुकलं असं ती म्हणणार नव्हती आणि काका पहिलं पाऊल उचलणार नव्हते. एका घरात दोघं फिलोमिनाताईंमार्फत बोलत. "त्यांना सांग, गाडीची चावी हवी." "तिला सांग, हुकवर आहे." तिचा सूड ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर घेऊन झाला होता, त्याचा धूर मात्र घरात भरला होता. ऑगस्टमध्ये ती उत्तरेला निघून गेली. काकांनी तिची बॅग गाडीत ठेवली, एअरपोर्टपर्यंत गाडी चालवली, आणि एक शब्दही न बोलता परत आले.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला कॅनबरात सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि आम्ही तिथल्या गुंगालिन भागात राहायला आलो. नोव्हेंबरमध्ये जेनिसच्या टीमची कॅनबराला मॅच होती. काका आणि फिलोमिनाताई गाडीने आमच्याकडे आले. काका म्हणाले, "मी तुझं नवीन घर बघायला आलोय." घर त्यांनी पाच मिनिटांत बघितलं आणि मॅच किती वाजता आहे ते विचारलं.

प्रोफेशनलमध्ये तिचं चाललं का, त्याचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं. ती सुरुवातीला बसूनच होती. मग समोरच्या टीमची सगळ्यात चांगली खेळाडू सुटायला लागली, तेव्हा कोच बाईंनी जेनिसला पाठवलं. माइकवरचा माणूस ओरडला, "आणि आता येतेय त्यांची डिफेन्स स्पेशालिस्ट, जेनिस रुमाव!" फिलोमिनाताईंना ते नीट ऐकू आलं नाही, त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. काका समोर बघत होते, त्यांचे ओठ दाबलेले, पण पोट हसण्याने हलत होतं. जेनिसने त्या मुलीला अगदी जखडून टाकलं. तीन गुणांचे दोनच बॉल टाकले, एक आत गेला. टीम थोडक्यात हरली.

आम्ही बाहेर येऊन टीमच्या व्हॅनजवळ थांबलो. उन्हाळा दारात आला होता, तरी कॅनबराचा संध्याकाळचा वारा अंगात शिरत होता. जेनिस बाहेर आली. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, केस ओले, लंगडत. ममीला मिठी मारली, मला मारली. काकांसमोर येऊन थांबली आणि खांद्यावरची बॅग सावरत दुसरीकडे बघायला लागली. काकाही व्हॅनच्या टायरकडे बघत होते. फिलोमिनाताई काही बोलणार, तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला.

व्हॅनमधून पोरी तिला हाका मारत होत्या.

काकांनी आपलं जाकीट काढलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. मग घसा खाकरून, टायरकडेच बघत म्हणाले, "काही खाल्लंयस का?"

जेनिसने झटकन ममीकडे मान वळवली. डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर मॅच जिंकल्याचा आनंद होता.

"ममी, पहिले पप्पा बोलले हां," ती म्हणाली. "वैशूताई, तू ऐकलंस. पहिले ते बोलले."

"हो बाई, मीच बोललो," काका म्हणाले. "आता सांग, खाल्लंयस का?"

"नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकवून रडायला लागली. व्हॅनच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. जेनिसने वर न बघता एक हात मागे करून त्याला थांबायची खूण केली.